टायच्या गाठीतला माईक आणि इलायझाचा आवाज

कापूसकोंडा | शनिवार, रात्री ११:४०

आज आईबरोबर 'माय फेअर लेडी' पाहिला. मी कितव्यांदा ते विचारू नका, आईचा पहिलाच. तिने कॉलेजच्या गॅदरिंगला 'ती फुलराणी'तलं (ह्याच गोष्टीचा पु.लं.चा मराठी अवतार) मंजूचं स्वगत केलं होतं आणि बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळवला होता. तो डबा अजून घरात आहे, त्यात लवंगा असतात. त्यामुळे ती सिनेमा बघत नव्हती, तपासत होती.

अर्धा तास झाला असेल. रेक्स हॅरिसन आपल्या अभ्यासिकेत फेऱ्या मारत 'मी कसा साधासुधा माणूस, बाईमाणूस घरात आलं की कसा सत्यानाश होतो' हे ऐकवत होता. आई म्हणाली, "ह्याच्या टायची गाठ एवढी फुगलेली का गं? टॉन्सिल आलेत का बाहेर?"

मी सोफ्यावरून पडायची बाकी होते. कारण आईने नेमकं तेच पकडलं होतं. त्या टायखाली माईक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तेव्हाच्या संगीतपटांत गाणी आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित व्हायची आणि सेटवर ती वाजवून नट ओठ हलवायचे. आपल्याकडे चालतं तसंच. हॅरिसनने ह्याला साफ नकार दिला. हे प्रोफेसर हिगिन्सचं काम तो १९५६ पासून ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, करत होता. त्याला रूढ अर्थाने गाता येत नव्हतं, तो सुरांच्या कडेकडेने बोलत जायचा आणि तेही रोज वेगळं. एखादा शब्द आज आधी, उद्या मागाहून. आधी मुद्रित केलेल्या गाण्याला मला ओठ जुळवताच येणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. मग वॉर्नर स्टुडिओच्या ध्वनिविभागाने त्याच्या टायखाली बिनतारी माईक दडवला आणि हा पठ्ठ्या सेटवर प्रत्यक्ष गायला. आय मीन, बोलला. त्या वर्षीचं ध्वनीचं ऑस्कर ह्याच सिनेमाला.

आता दुसरी बाजू. ऑड्री हेपबर्नने इलायझासाठी, म्हणजे नायिकेच्या कामासाठी, गाणं शिकायला शिक्षिका ठेवली, रियाज केला, गाणी मुद्रित केली. आणि मग बहुतेक सगळी काढून तिथे मार्नी निक्सन ह्या गायिकेचा आवाज घातला.

म्हणजे ज्याला गाता येत नव्हतं त्याच्यासाठी यंत्रणा उभी केली आणि जिला थोडंफार येत होतं तिचा आवाज पुसला. तोही कुठल्या सिनेमात? एक प्रोफेसर एका फुलवालीचा आवाज बदलतो, त्या सिनेमात!

हे मला दर वेळी खुपतं. पण आई म्हणाली, "त्यात काय एवढं? मधुबाला कुठे गायची?" आणि मी गप्प झाले. तर मंडळी, बोला.

---

पेठेतला बोका | रात्री ११:५८

मीच पहिला! बाईसाहेब, आधी चार ओळीत गोष्ट तरी सांगा. सगळ्यांनी काही पाहिलेला नसतो. आम्ही ह्याच्या हिंदी अवताराचे, 'मन पसंद'वाले लोक. देव आनंद, टीना मुनीम, संगीत राजेश रोशन. विषय संपला.

---

कापूसकोंडा | रविवार, रात्री १२:१०

बोकोबा, घ्या. लंडन, विसाव्या शतकाची सुरुवात. कोव्हेंट गार्डनच्या बाजाराबाहेर इलायझा डूलिटल फुलं विकते. तिची बोली ऐकून ध्वनिशास्त्राचा प्रोफेसर हिगिन्स बढाई मारतो की सहा महिन्यांत हिला सरदारीण म्हणून नाचाच्या मेजवानीत खपवून दाखवतो. दुसऱ्या दिवशी ती खरंच त्याच्या दारात उभी. म्हणते, मला फुलांच्या दुकानात नोकरी हवीय, तिथे नीट बोलणारी लागते, शिकवा, फी देते. हिंदुस्तानातून आलेला कर्नल पिकरिंग पैज लावतो. पैज जिंकली जाते. प्रश्न उरतो की आता ह्या बाईने जायचं कुठे?

मूळ नाटक बर्नार्ड शॉचं, 'पिग्मॅलियन'. पहिला प्रयोग १९१३ साली, तोही व्हिएन्नात आणि जर्मनमध्ये. इंग्लिश उच्चारांवरचं नाटक आधी जर्मनमध्ये रंगलं, हे मला फार आवडतं. लंडनला १९१४. शॉ जिवंत असेपर्यंत त्याने ह्याचं संगीतक होऊ दिलं नाही, कारण त्याच्या आधीच्या एका नाटकाचा ऑपेरेटा झाला होता आणि तो अनुभव त्याला पुरला. तो १९५० साली गेला. मग ॲलन जे लर्नरने शब्द लिहिले, फ्रेडरिक लोवने संगीत दिलं आणि १५ मार्च १९५६ ला ब्रॉडवेवर पडदा उघडला. २,७१७ प्रयोग. संगीतकांमधला तेव्हाचा विक्रम. १९६४ ला जॉर्ज क्यूकरचा सिनेमा.

---

विंगेतला | रविवार, सकाळी ७:०५

ध्वनीवाला माणूस आहे, त्यामुळे सकाळी उठून चहाआधी हेच.

आपल्या नाटकांना पुढे फूट माईक आणि वर हँगिंग माईक असायचे, काही ठिकाणी अजून असतात. नटाने माईकपाशी यायचं, माईक नटापाशी जात नाही. कॉलर माईक आले तेव्हा जुने नट वैतागले होते, कपड्याची सळसळ ऐकू येते म्हणून. हातवारे करणारा नट असला तर अजून डोकेदुखी. छातीवर हात मारला की सभागृहात नगारा वाजतो.

हे आजच्या काडीएवढ्या माईकचं. आता १९६३ सालचा बिनतारी माईक डोळ्यांपुढे आणा. माईक टायखाली, ट्रान्समीटर अंगावर, आणि हा माणूस फेऱ्या मारतोय, खुर्चीत लोळतोय, जिने चढतोय. कापड घासायला नको, आवाज छातीत कोंडायला नको. ते ऑस्कर फुकट मिळालेलं नाही एवढंच सांगतो.

आणखी एक. गाणं आधी मुद्रित असलं की नट वाद्यांच्या मागे जातो. हॅरिसनच्या बाबतीत उलटं. वाद्यांना त्याच्या मागे जावं लागतं. त्याचं शेवटचं गाणं बघा, तो एकटाच रस्त्याने घरी निघालाय आणि तिच्या चेहऱ्याची आपल्याला सवय झालीय हे त्याला कबूल करावं लागतंय. मध्येच चिडतो, मध्येच विरघळतो. ते चिडणं-विरघळणं आधी बंद खोलीत मुद्रित करून आणता आलं नसतं. माईकचा हट्ट नटाचा असेल, पण बरोबर होता.

---

जुनी तबकडी | सकाळी ९:३०

आईंचा प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच आहे.

मधुबाला गायची नाही हे आपल्याला माहीत असतं, कारण लता गायली हे माहीत असतं. पण हे कायमच माहीत नव्हतं. 'महल' १९४९ चा. 'आएगा आनेवाला'च्या पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? कामिनी. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! लोकांनी गायिका कोण म्हणून विचारून विचारून रेडिओला भंडावलं, तेव्हा लताबाईंचं नाव बाहेर आलं. फिल्मफेअरने पार्श्वगायनाला पुरस्कार द्यायला सुरुवात केली ती १९५९ ला. त्याआधी संगीतकाराला पुरस्कार होता, गाणारीला नव्हता, आणि त्यावरून लताबाईंनी समारंभात गायला नकार दिल्याची गोष्ट सर्वश्रुत आहे.

इंग्रजीत मार्नी निक्सनसारख्या गायिकेला भूतगायिका म्हणतात. 'महल' तर भुताचाच सिनेमा. जुळलं की नाही?

निक्सनबाईंची कामगिरी ऐका. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा करचा आवाज. 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुडचा. 'माय फेअर लेडी'त हेपबर्नचा. तिन्हीकडे पडद्यावर नाव नाही. 'वेस्ट साइड'च्या वेळी तबकडीच्या विक्रीतला वाटा मागितला तेव्हा संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनने आपल्या हिश्श्यातला तुकडा काढून दिला.

तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक पार्श्वगायनाचा नाही, फरक श्रेयाचा. आपण उशिरा का होईना गाणारीचं नाव छापलं, पुढे तर नायिकेपेक्षा मोठं केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत लपवायची गोष्ट मानली, म्हणून उघडकीला आल्यावर नायिकेलाच चोर ठरवलं.

---

मिरचीभजी | सकाळी १०:१५

+१ जुनी तबकडी. हेपबर्नला त्याची शिक्षाही मिळालीच की. सिनेमाला बारा नामांकनं, आठ ऑस्कर. सिनेमा, दिग्दर्शक, नट, छायाचित्रण, कपडे, सगळं. इलायझाला नामांकनसुद्धा नाही! आणि त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं कोणाला? जूली अँड्र्यूजला, 'मेरी पॉपिन्स'साठी. म्हणजे ब्रॉडवेवरची मूळ इलायझा, जिला सिनेमात घेतलं नाही कारण स्टुडिओमालक जॅक वॉर्नरच्या मते तिला पडद्यावर कोणी ओळखत नव्हतं. तिने गोल्डन ग्लोब घेताना वॉर्नरचे आभार मानले, हे सगळं शक्य केल्याबद्दल. ह्याला म्हणतात शालजोडीतला!

ऑस्करच्या रात्री हॅरिसनला बाहुली द्यायला मंचावर कोण? हेपबर्न. त्याने दोन्ही फेअर लेडींना प्रेम पाठवलं. दुसरं करणार काय बिचारा.

---

दुसरी घंटा | दुपारी १२:५०

रविवारची मिसळ खाऊन आलो, आता लिहितो. थोडं वेगळं.

'नटाने स्वतः गायलं पाहिजे' हा आग्रह रंगभूमीचा, सिनेमाचा नव्हे. आपल्या संगीत नाटकातही तेच. बालगंधर्व स्वतः गायचे म्हणून बालगंधर्व. 'सौभद्र' १८८२ चं, तीही एक प्रकारे संगीत विनोदिकाच: लग्न मोडण्याचा घाट, खोटा संन्यासी, सगळा गोंधळ कृष्णाने घातलेला. तिथे सुभद्रेचं पद विंगेतून दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर प्रेक्षकांनी खुर्च्या फेकल्या असत्या. न्यूयॉर्कचे लोक ब्रॉडवेवर सहा वर्षं जूली अँड्र्यूज आणि तिच्यानंतरच्या नट्या प्रत्यक्ष ऐकून आले होते. ते हाच हिशेब घेऊन थिएटरात बसले.

पण आपल्या पदात आणि ब्रॉडवेच्या गाण्यात मोठा फरक आहे. आपलं पद सुरू झालं की गोष्ट थांबते. वन्स मोअर झाला की अजून थांबते. लर्नर-लोवच्या गाण्यात गोष्ट पुढे सरकते. 'द रेन इन स्पेन' बघा. रात्रीचे तीन वाजलेत, तिघेही थकून मेलेले, हिगिन्सच्या डोक्यावर बर्फाची पिशवी. इलायझाला 'ए' म्हणायचा आहे, तोंडातून 'आय' येतोय. आणि अचानक एकदा बरोबर येतो. हिगिन्स दचकून म्हणतो, पुन्हा म्हण. ती म्हणते. पुन्हा. बोलता बोलता वाक्याचा ठेका होतो, ठेक्याचा टँगो होतो आणि तिघे सोफ्यावर चढून नाचतात. गाणं कुठे सुरू झालं हे बोट ठेवून दाखवता येत नाही. शॉच्या नाटकात ती शिकते कशी हे फारसं दाखवलेलंच नाही, आपल्याला एकदम निकाल दिसतो. लर्नरने तिथे दार पाडलं.

आता धाग्याच्या मूळ मुद्द्याकडे. 'जस्ट यू वेट'. मास्तरवर भडकलेली इलायझा एकटीच खोलीत, थांब लेका, तू आजारी पडशील तेव्हा बघते, राजाला सांगून तुझं मुंडकंच उडवते वगैरे. हे शॉमध्ये नाही. हे लर्नरचं. आणि आता पु.लं.ची मंजू आठवा, 'तुला शिकवीन चांगलाच धडा'. हिगिन्सच्या जागी अशोक मास्तर. श्रेयनामावलीत शॉचं नाव असतं, पण महाराष्ट्राला जो तुकडा तोंडपाठ आहे त्याचं बी संगीतकात आहे असं माझं ठाम मत. पु.लं.नी गाण्याचं स्वगत केलं. पण लय अशी ठेवली की बोलता बोलता गाणं होईल असं वाटावं. म्हणजे हॅरिसनचीच युक्ती, फक्त ती त्यांनी फुलवालीला दिली! भक्ती बर्वेंनी १९७५ पासून ते उभं केलं आणि पुढच्या प्रत्येक मंजूला त्या उंबरठ्यावरून जावं लागलं.

---

कापूसकोंडा | दुपारी १:२०

दुसरी घंटा, हे आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "हो, पण आम्हाला बाईंनी सांगितलं होतं, गाऊ नका. गायलात की मेलात."

---

टेम्सकाठ | दुपारी ३:४५

लंडनहून लिहितेय, इथे आत्ता चहाची वेळसुद्धा झाली नाही.

ज्या चर्चच्या खांबांखाली पावसात ती पहिली भेट होते ते सेंट पॉल्स, इनिगो जोन्सने बांधलेलं, कोव्हेंट गार्डनला अजून आहे. नटांचं चर्च म्हणतात त्याला. भाजी-फुलांचा बाजार मात्र १९७४ साली तिथून नदीपलीकडे नाइन एल्म्सला गेला. आता तिथे दुकानं, पर्यटक आणि जादूचे प्रयोग. पण सिनेमात दिसतं ते हे नव्हेच. सिनेमातलं अख्खं लंडन कॅलिफोर्नियात बरबँकच्या स्टुडिओत उभं केलं होतं. कोबीसुद्धा तिकडचेच.

ॲस्कॉटचा प्रसंग कोणी काढला कसा नाही अजून? घोड्यांची शर्यत, सगळा उच्चभ्रू वर्ग काळ्या-पांढऱ्या-करड्या कपड्यांत. वेशभूषाकार सेसिल बीटनने ते रंग १९१० च्या 'काळ्या ॲस्कॉट'वरून घेतले, सातवा एडवर्ड नुकताच वारला होता म्हणून तेव्हा सगळे सुतकी काळ्यात आले होते. घोडे धडधडत जातात आणि ही मंडळी पुतळ्यासारखी उभी राहून गातात की आपल्याला किती उत्तेजित वाटतंय! त्यात इलायझा येते. उच्चार स्वच्छ, प्रत्येक 'ह' जागच्या जागी. आणि त्या स्वच्छ उच्चारांत ती सांगते की माझी मावशी इन्फ्लुएंझाने गेली म्हणतात, पण मला विचाराल तर तिला टोपीसाठी ढगात पाठवलं. आणि जिन म्हणजे तर तिला आईच्या दुधासारखी. बायका चहाचा कप हातात धरून थिजलेल्या.

सगळा विनोद इथे आहे. हिगिन्सने स्वर बदलले, विषय बदलायचे विसरला. शेवटी घोड्याला ओरडून ती जे काय सांगते ते इथे लिहिता येणार नाही. शॉच्या नाटकात ह्या जागी 'ब्लडी' हा एक शब्द होता आणि १९१४ साली त्यावरून लंडनमध्ये केवढा गहजब झाला. १९५६ पर्यंत तो शब्द बोथट झाला होता, म्हणून लर्नरला नवीन शिवी शोधावी लागली. शिव्यांची पण महागाई असते.

---

नळाचं पानी | संध्याकाळी ५:३०

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. आज लिहितो.

आयडी बघून कळलंच असेल. आमच्या गावात पाणी नव्हतं, पानी होतं. लोणी पण लोनी. पुण्यात कॉलेजला पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला उभं राहून उतारा वाचला. विहिरीवरचा उतारा होता, 'पाणी' नऊ वेळा होतं. मला आकडा माहीत आहे कारण मागच्या बाकावरून कोणीतरी मोजत होतं. सरांनी थांबवलं नाही. वर्ग नवव्या वेळेपर्यंत हसला. नाव घेत नाही, कॉलेजचं पण नाही. सर आता नाहीत.

हॉस्टेलवर आल्यावर रात्री आरशासमोर 'ण' म्हणायचो. जीभ वर वळवून मागे न्यायची. पहिले चार दिवस लाळ यायची. रूममेट म्हणायचा, अरे झोप, आरसा पुसून ठेव.

म्हणून सिनेमातला तो गोट्यांचा प्रसंग मला सगळ्यात जवळचा. हिगिन्स तिच्या तोंडात एकेक गोटी घालतो आणि कविता म्हणायला लावतो. एक गोटी ती गिळते. घाबरून सांगते तर हा म्हणतो, काळजी नको, माझ्याकडे भरपूर आहेत. थिएटरात सगळे हसतात. मी पण हसतो. पण मला गोटीची चव माहीत आहे.

आज माझा 'ण' पक्का आहे. गावी गेलो की आई म्हणते, "काय रे, टीव्हीवाल्यासारखा बोलतोस." तिच्यासमोर 'पानी' म्हटलं तर ते नाटकी वाटतं. इलायझा पण हेच म्हणते ना शेवटी, मी माझी भाषा विसरले, आता मला तुमचीच येते. हेपबर्नचा आवाज काढला, वगैरे ठीक. तिचं नुकसान झालं, पण तिला स्वतःचा आवाज घरी होता.

---

मिरचीभजी | संध्याकाळी ५:५२

_/\_ नळाचं पानी. लिहीत जा हो.

आणि म्हणूनच मला तो हिगिन्स सहन होत नाही. लोक त्याला 'तऱ्हेवाईक पण गोड' म्हणतात. कसला गोड? सरदारांच्या मेजवानीत पोरीने पैज जिंकून दिली, तर घरी येऊन हा आणि पिकरिंग एकमेकांची पाठ थोपटतात, ती कोपऱ्यात दिव्याशेजारी उभी. एक शब्द नाही तिला. वरून, माझ्या सपाता कुठेत? तिने त्या फेकून मारल्या तेव्हा मी शिट्टी वाजवली होती.

आणि इतकं होऊन शेवटी ती परत येते. हा टोपी डोळ्यांवर ओढून पुन्हा विचारतो, सपाता कुठेत. छे! शॉला हे मान्य नव्हतं.

---

दुसरी घंटा | संध्याकाळी ६:२०

शॉला मान्य नव्हतं हे खरं. १९१४ च्या प्रयोगातच हिगिन्स झालेला बीरबोम ट्री पडदा पडता पडता इलायझाला फुलं फेकायचा, म्हणजे प्रेक्षक 'जमलं बुवा' म्हणत घरी जायचे. शॉ संतापला. (तेव्हाची इलायझा मिसेस पॅट्रिक कॅम्बेल ४९ वर्षांची होती, हे जाता जाता.) मग त्याने छापील नाटकाला लांबलचक पुरवणी जोडली: इलायझा तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करते, दोघे फुलांचं दुकान काढतात, हिशेब जमत नाहीत वगैरे. १९३८ च्या सिनेमात तरीही ती परत आली आणि सपातांचं वाक्यही तिथलंच. त्या सिनेमाच्या पटकथेचं ऑस्कर खुद्द शॉलाही मिळालं, हा नियतीचा विनोद. संगीतकाने तोच शेवट उचलला.

पण मिरचीताई, एक बघा. शेवटी तो एकटा बसून काय करतोय? ध्वनिमुद्रण यंत्रावर तिचा जुना आवाज ऐकतोय. पहिल्या दिवशीचा, अशुद्ध, 'मी हात-तोंड धुऊन आलेय' म्हणणारा. ती मागून येऊन यंत्र बंद करते आणि ते वाक्य स्वतः पुरं करते, त्याच जुन्या बोलीत. म्हणजे तिची भाषा गेलेली नाही. हवी तेव्हा काढू शकते.

---

मिरचीभजी | संध्याकाळी ६:२४

हे लक्षात आलं नव्हतं. तरी सपाता त्याने स्वतः शोधाव्यात.

---

उधारीवाला | रात्री ८:१०

एवढे प्रतिसाद आणि आमच्या डूलिटलबाबांचं नाव नाही? इलायझाचा बाप, कचरा उचलणारा, स्टॅन्ली हॉलोवे. ब्रॉडवेवर तोच, सिनेमातही तोच. वॉर्नरला आधी जेम्स कॅग्नी हवा होता म्हणे, बरं झालं आला नाही.

मुलगी प्रोफेसराच्या घरी राहतेय कळल्यावर हा येतो पैसे उकळायला. मागतो पाच पौंड. हिगिन्स त्याच्या वक्तृत्वावर एवढा खूश की दहा देऊ करतो. हा म्हणतो, नको! दहा आले की माणूस जपून वागायला लागतो, मग सुखाचा बट्ट्याबोळ. पाचच द्या, आठवडाभरात उडवून सोमवारी पुन्हा कामावर. मी गरीब आहे आणि लायक गरीब नाही, नालायक गरीब आहे, पण नालायकाची भूक लायकापेक्षा कमी असते का?

मी २२ वर्षं दुकान चालवतोय. उधारी मागायला येणारे हजार बघितले. एवढं प्रामाणिक एकही नाही. पुढे हिगिन्सच्या एका थट्टेच्या पत्रामुळे कुठल्याशा अमेरिकन धनाढ्याच्या मृत्युपत्रातून ह्याला पैसा मिळतो आणि बिचाऱ्याला लग्न करावं लागतं. सिनेमात दुःखी माणूस एकच आहे, आणि तो श्रीमंत झालाय.

---

जुनी तबकडी | रात्री ९:०५

अवांतर थोडं. वर मी निक्सनबाईंना भूत म्हटलं, तर भुताची पुढची गोष्ट. १९६४ साली, म्हणजे सिनेमाच्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरला 'माय फेअर लेडी' पुन्हा रंगभूमीवर आलं. इलायझा कोण? मार्नी निक्सन. स्वतःचा चेहरा, स्वतःचा आवाज. आणि १९६५ च्या 'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये ती स्वतः पडद्यावर दिसली, एक जोगीण म्हणून, खुद्द जूली अँड्र्यूजबरोबर. दोन इलायझा एका मठात!

आणि हो, फ्रेडीचं 'ऑन द स्ट्रीट व्हेअर यू लिव्ह' तरी त्या नटाचं असेल म्हणता? तेही नाही. जेरेमी ब्रेट, जो पुढे टीव्हीवरचा शेरलॉक होम्स झाला, त्याचाही आवाज काढून बिल शर्लीचा घातलाय. ब्रेटला गाता येत होतं तरी.

---

पेठेतला बोका | रात्री ९:१२

म्हणजे सगळ्या सिनेमात स्वतःच्या गळ्यातून गाणारे दोनच, एक ज्याला गाता येत नाही तो प्रोफेसर आणि दुसरा कचरेवाला. आता बघावाच लागणार. कुठे मिळेल?

---

विंगेतला | रात्री ९:३०

बोका, अर्धं बरोबर. हेपबर्न पूर्ण पुसलेली नाही. 'जस्ट यू वेट' कान देऊन ऐका. सुरुवातीला खालच्या पट्टीत ती जी धुसफुसते ती स्वतः हेपबर्न. मध्येच इलायझा स्वप्नात शिरते, मी मोठी होईन, राजाकडे जाईन, सूर वर चढतो, तिथे निक्सन. आणि परत राग आला की परत हेपबर्न. जोड एवढा सफाईने केलाय की मला कामाच्या सवयीने कळतो, एरवी कळू नये.

तिच्या पूर्ण आवाजातलं 'वुडंट इट बी लव्हर्ली' पण आहे. सिनेमाची प्रत १९९४ साली दुरुस्त केली, त्यानंतरच्या डीव्हीडीवर ते जोडलेलं होतं. आवाज बारीक आहे, वर जाताना दमतो. पण कोबीच्या ढिगाऱ्याशेजारी उभी राहून उबदार खोलीचं स्वप्न बघणाऱ्या मुलीचा आहे. कापूसकोंडाताई, आईंना दोन्ही ऐकवा. नाव न सांगता.

---

कापूसकोंडा | सोमवार, रात्री १०:४५

ऐकवलं. वृत्तान्त देते.

आधी 'लव्हर्ली'चे दोन्ही अवतार. आई डोळे मिटून बसली. पहिला हेपबर्नचा लावला, नंतर सिनेमातला. म्हणाली, "दुसरी छान गाते." मी हिरमुसले. मग म्हणाली, "पण तिला थंडी नाही वाजत."

मग 'जस्ट यू वेट'. सांगितलं, आवाज बदलला असं वाटलं की हात वर कर. पहिल्यांदा हात वेळेवर वर झाला, सूर चढायच्या जागीच. "इथे आली दुसरी." परत खाली येताना चुकली, चार ओळी उशिरा. म्हणाली, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. आता बरोबर. तिसऱ्यांदा तर गाणं यायच्या आधीच हात वर, म्हणजे पाठ झालं.

गाणं संपलं तरी ती पुटपुटतच होती. मला वाटलं तेच गाणं. कान दिला तर मंजूचं स्वगत. ४५ वर्षांनी, अर्धं आठवत, अर्धं 'तत्‌तत्‌' करून भरत. आणि गात नव्हती, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. पण डाव्या हाताची दोन बोटं मांडीवर ठेका धरत होती.

मी मोबाइल काढून मुद्रित करायला गेले तर थांबली. "माईक नको. काय असेल ते असंच." मग म्हणाली, "त्या टायवाल्याचं लाव बघू. गाठ कुठल्या कुठल्या गाण्यात फुगते ते बघायचंय." चष्मा शोधतेय आता. जाते.